मेलेल्या नोटांची दानपेटी

मित्रांनो, माझं तोंड डोक्यावर आहे. मी एक जुनी दानपेटी आहे, आणि माझ्या पोटात जे पडायचं ते वरूनच पडतं, म्हणून मला घडवणाऱ्यानं ते तिथं दिलं. माण तालुक्याच्या पूर्वेला, जिथून सांगली जिल्ह्याची हद्द डोळ्यांना दिसते, तिथं एका उघड्या माळावर बिरोबाचं देऊळ आहे. त्या देवळाच्या मागच्या भिंतीला टेकून मी उभी असते. माझा हिरवा रंग कधीच उडाला. एक पाय गंजून आखूड झाला आहे, त्यामुळे मी जरा तिरकी दिसते. कान मात्र शाबूत आहेत. पेटीला कुठले कान, असं विचारू नका. पोकळ वस्तूला सगळं ऐकू येतं.

माझा जन्म कराडचा. तिथं शमशेरभाईंचं पत्राकामाचं दुकान होतं. ट्रंका, धान्याच्या कोठ्या, पाण्याचे हौद अशी कामं चालायची. दानपेटी ते पहिल्यांदाच करत होते. त्यांनी पत्रा कापला, कडा वळवल्या, रिबिटा ठोकल्या आणि तोंडापाशी येऊन अडले. भोक केवढं ठेवावं हे काही केल्या ठरेना. त्यांची बायको रहिमतबी चहा घेऊन आली होती. तिनं किटली खाली ठेवली आणि आपला हात पत्र्यावर आडवा धरून दाखवला.

"माझा हात आत जाऊ नये एवढंच ठेवा. माझा गेला न्हाई तर कुणाचाच जायाचा न्हाई. आन कडा घासून मऊ करा. देवाच्या दारात लेकरं बी हात लावत्यात."

शमशेरभाईंनी कडा अशा घासल्या की पुढं इतक्या वर्षांत माझ्या तोंडाला लागून कुणाचं बोट कापलं नाही. याचा मला अजून अभिमान वाटतो. देवस्थानच्या ट्रस्टचे अध्यक्ष नानासो मला न्यायला टेंपो घेऊन आले. नानासो फौजेतून हवालदार होऊन परतलेले, बोलणं कडक आणि मिशी त्याहून कडक. त्यांनी माझं झाकण चार वेळा आपटून पाहिलं, "माल मजबूत हाय" म्हणाले आणि माझ्या कुलपाची किल्ली आपल्या करदोट्याला बांधली. ती आजही तिथंच आहे.

माझे ते दिवस सुखाचे होते. चैत्रात जत्रा भरायची. ढोलांच्या तालावर धनगरांचे गजी नाचायचे, भंडारा उधळला की मी डोक्यापासून पायापर्यंत पिवळी व्हायचे. मेंढरामागं वर्षभर रानोमाळ फिरलेली माणसं माझ्यापुढं उभी राहायची, देवाला हात जोडायची आणि कमरेची चंची सोडायची. नाणी खणखणत पडत. नोटा अलगद उतरत. कुणाच्या नोटेला लोकरीचा वास, कुणाच्या नोटेला दुधाचा. नवरा मुंबईत हमाली करत असेल तर बाईच्या नोटेला मसाल्याच्या बाजाराचा वास यायचा. मुलं माझ्या तोंडाला कान लावून आत पैसे किती आहेत ते ऐकू पाहायची आणि आयांचे धपाटे खायची.

नोटांची एक गोष्ट तुम्हाला शाळेत कुणी शिकवणार नाही. प्रत्येक मोठ्या नोटेवर एक वचन छापलेलं असतं. ही नोट जो दाखवील त्याला एवढे रुपये देईन, असं ते वचन. अंधारात एकीवर एक पडल्या की नोटा ते वचन हळू आवाजात म्हणत राहतात, तुम्ही झोपताना पाढे म्हणता तसं. माझ्या पोटात ती कुजबुज सतत चाललेली असायची. मला तिची सवय झाली होती. तिच्याशिवाय मला करमलं नसतं.

मग तो नोव्हेंबर आला. दिवाळी होऊन थोडेच दिवस झाले होते. गावात माणसं जेवायला बसली होती, तेवढ्यात टीव्हीवर घोषणा झाली की आज मध्यरात्रीपासून पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा चालणार नाहीत. देवळात तेव्हा कुणी नव्हतं. मला ती घोषणा ऐकू आली नाही. मला फक्त एवढं कळलं की मध्यरात्री माझ्या पोटातली अर्धी कुजबुज तुटली. दहाच्या, पन्नासच्या, शंभराच्या नोटा म्हणत राहिल्या आणि त्यांच्यामधल्या पाचशे-हजाराच्या एकदम गप्प झाल्या. वचन अर्धं म्हणून झालेलं होतं, ते तसंच राहिलं. शेजारच्या शंभराच्या नोटा त्यांच्यापासून सरकून बसल्या, हे मी माझ्या पत्र्यानं अनुभवलं आहे.

सरकारनं दिलेलं वचन सरकारनं मागं घेतलं होतं. कागद त्याचा, शाई त्याची, तेव्हा तो अधिकारही त्याचाच. जुनी माणसं पारावर म्हणाली की यात नवल काही नाही, इंग्रजांच्या राज्यातसुद्धा मोठ्या नोटा अशाच एका फर्मानानं मारल्या होत्या. फरक इतकाच, की तेव्हा या माळावर कुणी एवढी मोठी नोट पाहिलीच नव्हती. नानासोंनी दुसऱ्या दिवशी मला उघडलं, गप्प झालेल्या नोटा निवडून काढल्या आणि मुदतीत बँकेत भरून आले. ट्रस्टचं काही बुडालं नाही. सगळे म्हणाले, नानासो होते म्हणून निभावलं.

आता मी धुळाची गोष्ट सांगते, कारण माझी गोष्ट तिथूनच बिघडली.

धुळा आमच्याच गावचा मेंढपाळ. त्याची बायको मनुबाई आणि लेक साक्षी. ही साक्षी अंगावर पिणारी होती तेव्हा तिला ताप भरला आणि तीन दिवस तिनं डोळे उघडले नाहीत. धुळा तिला घोंगडीत गुंडाळून माझ्यापुढं आला होता.

"बिरोबा, लेक वाचीव," तो म्हणाला. "ह्या पावसाळ्यात पयली जी कोकरी हुईल ती तुजी. तिला तुज्या नावानं वाढवीन, इकीन, आन तिचं जे काय येईल ते चैतात तुज्या पेटीत टाकीन."

लेक वाचली. कोकरी झाली. धुळाची सगळी मेंढरं काळी, तीही काळीच, फक्त तिच्या कपाळाला मनुबाई रोज भंडारा लावायची. ती मोठी झाली तशी त्यानं बोलल्याप्रमाणं दिवाळीच्या आधी बाजारात विकली. व्यापाऱ्यानं तिचे पैसे पाचशेच्या आणि हजाराच्या नोटांत दिले. धुळानं त्या नोटा लोकरीच्या काळ्या दोऱ्यात बांधल्या, कमरेला लावल्या आणि दरसालासारखा कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरला. उंब्रजच्या बाजूला बागायतदारांच्या रानात मेंढरं बसवली की खताच्या बदल्यात धान्य मिळतं. तिथंच त्याला नोटबंदी कळली.

पुढचं मी मनुबाईच्या तोंडून ऐकलं. धुळा उंब्रजच्या बँकेपुढं रांगेत उभा राहिला. एकदा नव्हे, दोनदा. आपल्या घरच्या नोटा त्यानं बदलून आणल्या. देवाच्या नोटा तेव्हाही त्याच्या कमरेलाच होत्या. त्या त्यानं काढल्याच नाहीत.

कारण ऐका. बँकेत कागदावर नाव लिहावं लागत होतं, ओळखपत्राची नक्कल जोडावी लागत होती. धुळाच्या मनानं घेतलं की ज्याचं नाव त्याचा पैसा. देवाच्या मेंढीचा पैसा आपल्या नावानं सरकारदरबारी लिहिला गेला, तर तो देवाचा राहायचा नाही. नवस आपण खाल्ला असं होईल. शिकलेला माणूस अशी चूक करणार नाही, तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण ज्यानं देवाच्या मेंढीची लोकरसुद्धा घरच्या लोकरीत मिसळली नाही, त्याला यात चूक दिसणार तरी कशी?

चैत्रात तो माझ्यापुढं आला. मनुबाई मागं उभी होती, चिडलेली आणि घाबरलेली.

"आवं, त्या बंद पडल्यात," ती म्हणाली. "मेल्या नोटा देवाला घालताय व्हय? म्या तवाच म्हणत हुते, बदला म्हणून."

"देवाचं देवाला," धुळा म्हणाला. "मदी बंद करनारा कोण?"

असं म्हणून त्यानं कमरेची गाठ सोडली. दोऱ्यात बांधलेल्या नोटा माझ्या तोंडातून आत आल्या. मित्रांनो, त्या पडल्याचा आवाज मला आला नाही. त्या आल्या आणि आत उभ्या राहिल्या.

जत्रा उलगडल्यावर नानासोंनी मला उघडलं तेव्हा तशा नोटा आणखीही निघाल्या. जत्रेच्या गर्दीत पुष्कळांनी आपलं ओझं माझ्यात उतरवलं होतं. नानासो दहिवडीला बँकेत जाऊन आले. मुदत संपली होती. शिवाय नवा कायदा झाला होता. असल्या नोटा दहापेक्षा जास्त जवळ सापडल्या तर दंड. नानासो शिस्तीचे, त्यांना घाम फुटला. जाळाव्यात तर देवाच्या, ठेवाव्यात तर गुन्हा. शेवटी त्यांनी त्या होत्या तशाच आत टाकल्या, कुलूप लावलं, मला देवळामागं आणून उभं केलं आणि पुढं स्टीलची नवी पेटी आणली. काही वर्षांनी तिच्या शेजारी स्कॅन करायचा कागद आला आणि बोलणारी एक डबी आली. कुणी फोनवरून दान दिलं की ती डबी खड्या आवाजात हिंदीतून रक्कम सांगते. देव ऐकतो की नाही माहीत नाही, अख्खं गाव ऐकतं.

माझ्याकडं कुणी फिरकेना. पाली माझ्याखाली अंडी घालू लागल्या. मला वाटलं, संपलं आपलं.

मला देवळामागं आणलं त्याच पावसाळ्यात नानासोंची बायको बनुबाई वारली. दिवस-कार्य झालं आणि एका दुपारी नानासो एकटेच माझ्यापाशी आले. माणदेशात भर दुपारी माळावर चिटपाखरू नसतं. त्यांच्या हातात हिरवा फुलाफुलांचा रुमाल होता, गाठ मारलेला. बनुबाईच्या लुगड्याच्या घडीत तो सापडला होता. आत पाचशेच्या नोटा होत्या, दुधाच्या पैशातून मागं टाकलेल्या. नोटबंदीत नानासोंनी तिला विचारलं होतं, तुझ्याकडं काही आहे का म्हणून. माझ्याकडं कुठलं आलंय, असं ती हसून म्हणाली होती.

"बने, सांगितलं आसतंस तर बदलून आणलं नसतं व्हय गं?" नानासो म्हणाले. आवाज अजिबात कडक नव्हता. त्यांनी रुमाल चपटा केला, माझ्या तोंडातून रेटला आणि बराच वेळ माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

तेव्हापासून लोक दुपारचे येऊ लागले. कुणाला वाकळेच्या अस्तरात नोट सापडली होती, कुणाला मेलेल्या बापाच्या कोटात, कुणाला ज्वारीच्या कणगीच्या तळाला. टाकवत नाही, जाळवत नाही, ठेववत नाही. इकडंतिकडं बघत ते नोट आत सोडत आणि मागं न बघता जात. जिवंत पैसा पुढच्या पेटीत आणि फोनमधून चालला होता. माझ्याकडं मेलेला येत होता. त्या नोटा कुजबुजत नव्हत्या. माझ्या पोटात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

मग एका उन्हाळ्यात त्या शांततेत काहीतरी चरू लागलं.

मी खोटं सांगत नाही. आधी मला वाटलं वाळवी असेल. पण वाळवीचा आवाज मला ठाऊक आहे, तो बारीक आणि सलग असतो. हा आवाज थांबून थांबून यायचा. ओठांनी उपटल्यासारखा, मग दातांनी दळल्यासारखा, मग एक श्वास. बाराच्या सुमाराला सुरू व्हायचा आणि ऊन कललं की थांबायचा. उन्हानं माझा पत्रा तापून लाल व्हायला हवा, तो त्या वेळी रांजणासारखा गार पडायचा.

हे आधी मेंढरांना कळलं. दुपारच्या उन्हात मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालून उभी राहतात, हे माणदेशातलं शेंबडं पोरही सांगेल. पण माळावरून जाणारा कळप माझ्यापाशी आला की थांबायचा. माझ्याभोवती कडं करून, मुंडकी वर करून माझ्याकडं बघत उभा राहायचा. चरायचा नाही, ओरडायचा नाही. मेंढपाळांनी काठ्या मारल्या, कुत्री सोडली. कुत्री पोटाशी शेपूट घेऊन परत यायची. शेवटी मेंढपाळ ती वाट सोडून लांबून जाऊ लागले. धुळा तेवढा येत राहिला. त्याला वाट सोडायला तोंड नव्हतं.

यंदा माघात साक्षीला पुन्हा ताप भरला. ती आता मोठी झाली होती, चौथी-पाचवीत शिकणारी पोर. धुळानं बिऱ्हाड अर्ध्या वाटेवरून परत आणलं. दहिवडीला रक्त तपासलं, कराडला नेऊन फोटो काढले, औषधं सुरू झाली. ताप सकाळी नसायचा, संध्याकाळी नसायचा. बाराला चढायचा आणि ऊन कललं की उतरायचा. धुळाला काय समजायचं ते समजलं. तो नानासोंना घेऊन माझ्यापाशी आला.

"नानासो, पेटी उगडा. माजं पैसं भाईर काढायचं आन देवाला चालू पैसं टाकायचं. त्याला अजून काय बी पोचलं न्हाई."

"टाकायचं तर नव्या पेटीत टाक की रं. न्हाईतर स्कॅन कर. देव एकच हाय."

"देव एकच हाय. पर नवस ह्या पेटीत हाय."

"धुळा, आत काय हाय तुला म्हाईत हाय न्हवं? कुलूप हाय तवर त्या नोटा देवाच्या. उघडलं की ट्रस्टच्या हातात आल्या. मग पंचनामा, जबाब. ह्या वयात मला कोर्ट दाखवतो व्हय?"

कायद्याचं भय खरं होतं, पण ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं मला माहीत होतं. बनुबाईनं नवऱ्यापासून पैसे लपवले होते, हे चारचौघांत उघडं पडावं असं नानासोंना वाटत नव्हतं. मेलेल्या बायकोची लाज त्यांनी माझ्या पोटात ठेवली होती.

धुळानं मग स्कॅन केलं. मेंढीची किंमत आली होती त्याच्या दुप्पट पैसे त्यानं पाठवले. देवळातल्या डबीनं ती रक्कम गर्जून सांगितली. माझ्याभोवती उभ्या असलेल्या मेंढरांनी कानसुद्धा हलवला नाही. दुसऱ्या दिवशी बाराला साक्षीचा ताप आदल्या दिवसापेक्षा चढला.

त्यानंतर दोन-चार दिवसांतच मनुबाईची पाठ वळल्याचं बघून साक्षी घरातून उठली आणि अनवाणी माळ तुडवत माझ्याकडं आली. मेंढरांनी तिला वाट दिली. तिनं आपला तापलेला गाल माझ्या पत्र्याला लावला आणि ऐकत उभी राहिली. मागून मनुबाई धावत आली. देवळात दिवाबत्तीचं सामान ठेवायला आलेले नानासोही आरडाओरडा ऐकून मागं आले.

"आये, आत मेंढी हाय," साक्षी म्हणाली.

"चल घरला. ताप डोस्क्यात गेलाय तुज्या."

"हाय गं. खातीया ती."

नानासोंनी पोरीच्या समजुतीसाठी विचारलं, "काय खाती गं बाळ, तुजी मेंढी?"

"रुमाल चगळतीया. हिरवा, फुलाफुलाचा. तिला त्येची गाठ सुटंना."

मनुबाईला त्यातलं काही कळलं नाही. नानासोंचा चेहरा मात्र राखेसारखा झाला. रुमालाची गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. त्यांचा हात आपोआप करदोट्याकडं गेला.

"धुळाला बोलीव," ते म्हणाले.

धुळा पळतच आला. कुलूप गंजलेलं होतं. देवाच्या समईतलं तेल ओतलं, किल्ली दोन्ही हातांनी फिरवली. झाकण उघडलं आणि इतक्या वर्षांनी माझ्या पोटात ऊन पडलं. मला लाज वाटली, खरंच सांगते. आपल्या पोटात काय आहे हे मला स्वतःलाही बघायचं नव्हतं.

लोकांच्या नोटा होत्या तशा होत्या, फिकट, एकीला एक चिकटलेल्या. बनुबाईचा रुमाल होता. त्याचं एक टोक ओलं होतं आणि त्याचे दोरे चघळून निघाले होते. धुळाचा लोकरीचा दोरा एका कोपऱ्यात पडला होता. त्याची गाठ जशीच्या तशी होती, आणि त्यात एकही नोट नव्हती. दोऱ्याच्या खाली लेंड्या होत्या.

मनुबाईनं वाकून एक उचलली. जन्म मेंढरांत गेलेली बाई ती. तिनं ती बोटांत फोडली आणि तळहात नवऱ्यापुढं धरला.

"वल्ली हाय," ती म्हणाली. "ऊन हाय अजून. आत्ताची हाय ही."

नानासोंनी रुमाल उचलला, ओलं टोक धोतरानं पुसलं आणि तो छातीशी धरून म्हणाले, "ह्यो माजा हाय. माज्या घरातला." कुणी विचारलं नव्हतं तरी सांगितलं, आणि वळून गावाकडं चालू लागले. तेवढ्यात माझ्याभोवतीच्या कळपानं मुंडकी खाली घातली आणि काही घडलंच नाही अशा तऱ्हेनं तो चरू लागला.

दुसऱ्या दिवशी बाराला साक्षीला ताप आला नाही. त्यानंतरही आला नाही. कराडचे डॉक्टर म्हणाले, औषधाला गुण आला. तसंही असेल. मी पत्र्याची पेटी, मी डॉक्टरांशी कशाला वाद घालू?

पण मला उघडलं त्याच दिवशी दिवेलागणीला धुळानं जाळीच्या वाघरीत मेंढरं कोंडताना मोजली तर एक जास्त भरली. त्यानं मनुबाईला मोजायला सांगितली. तिचीही एक जास्तच आली. कंदील घेऊन दोघांनी एकेकीचं तोंड पाहिलं. धुळा आपली मेंढरं तोंडावरून ओळखतो, अंधारात नुसत्या खोकण्यावरून ओळखतो. सगळी ओळखीची निघाली. परकी एकही नव्हती. आणि तरीही एक जास्त होती. अजूनही रोज संध्याकाळी ती जास्तच भरते.

आणि आता धुळाला एकही मेंढरू विकता येत नाही. बाजारचा दिवस आला की एखादीचा कान धरून तो गाडीपर्यंत नेतो. व्यापारी पैसे काढतो. मग धुळा तिच्या तोंडाकडं बघतो आणि म्हणतो, "हीच देवाची आसंल तर?" आणि परत घेऊन येतो. कळप वाढतो आहे आणि घर रिकामं होत चाललं आहे. साक्षीच्या वह्या-पुस्तकांना लोकर विकून पैसे उभे केले. मनुबाई मधून मधून माझ्यापाशी येऊन बसते. परवा ती देवळाच्या भिंतीकडं बघून म्हणाली, "बँकंनं दिल्या न्हाईत त्या तू बदलून दिल्यास, बिरोबा. लय उपकार झालं. पर कुटली ती सांगायचं ऱ्हायलं तुजं." हे बोलताना ती हसत होती. मग तिनं पदरानं तोंड झाकलं.

मित्रांनो, लोकांच्या नोटा अजून माझ्या पोटात आहेत. नानासोंनी नंतर येऊन झाकण खाली केलं, पण कुलूप लावायला त्यांचा हात धजला नाही. तुम्ही एवढं करा. घरातल्या जुन्या ट्रंका, वाकळा, आजीच्या लुगड्याच्या घड्या एकदा उघडून बघा. बंद पडलेली नोट सापडली तर ती गुपचूप आणून माझ्यात टाकू नका. ती कुणी ठेवली होती, कशासाठी ठेवली होती, कुणाला काय कबूल केलं होतं, हे घरातल्या मोठ्यांना विचारा आणि ते कबूल केलेलं आधी पुरं करा. सरकार आपलं वचन एका संध्याकाळी मागं घेऊ शकतं. तुमच्या माणसांनी तोंडानं दिलेलं वचन मागं घ्यायला कुठलीही बँक नाही.

आणि ज्यांनी आधीच आणून टाकल्या आहेत, त्यांनी कृपा करून लवकर यावं. झाकणाला कुलूप नाही, कुणी काही विचारणार नाही. कारण आज दुपारी बाराला माझ्या पोटात पुन्हा हालचाल झाली. मी नीट कान देऊन ऐकलं. आत कुणीतरी खोकलं. मेंढरू खोकतं ते मला ओळखू येतं, आणि हे मेंढरू नव्हतं.